खेळाडूची कमाई आणि प्राप्तिकर : बक्षीस, मानधन की पुरस्कार?

भाताची झोडणी आटोपली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात. चौकातील फलकावर 'प्रथम पारितोषिक रोख रु. ५१,१११ व भव्य चषक' अशी अक्षरे झळकतात. त्याखाली बांधकाम व्यावसायिक, बी-बियाण्यांचे दुकानदार आणि स्थानिक नेते यांची नावे ओळीने येतात. त्यांपैकी एकाचे नाव खेळाडूंच्या जर्सीवरही असते. याच भागातील रस्त्यांवर पहाटे अंधारात धावणारी मुले-मुली दिसतात. मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे येथील शर्यतींची तारीखवार यादी त्यांना तोंडपाठ असते. त्यांतील बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. पूर्वी अशा मुलांच्या हाती चषक आणि प्रमाणपत्र पडे. आता त्यासोबत पैसाही येतो. तो बक्षिसाचा असतो, बूट किंवा पूरक आहार विकणाऱ्या कंपनीचा असतो, कधी एखाद्या संघाच्या कराराचाही असतो.

या पैशाला प्राप्तिकर लागतो का, या प्रश्नाला मैदानाच्या कडेला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. 'बक्षिसाला कर नसतो' हे पहिले आणि 'तीस टक्के गेलेच म्हणून समज' हे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पैसा कोणी दिला, कशासाठी दिला आणि कागदावर त्याला काय नाव दिले, यावर करआकारणी ठरते. एकाच खेळाडूच्या एकाच वर्षातील तीन रकमांना तीन वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आयकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी या विषयातील मूळ तत्त्वे तीच आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी, तसेच आजवरच्या सर्व न्यायनिर्णयांत १९६१ च्याच कायद्याचे क्रमांक वापरलेले असल्याने पुढील विवेचनात तेच दिले आहेत.

सरकारी पुरस्कार

यांतील सर्वांत सोपा भाग सरकारी पुरस्काराचा. कलम १०(१७ए) नुसार केंद्र किंवा राज्य सरकारने सार्वजनिक हितासाठी सुरू केलेला पुरस्कार, तसेच अन्य संस्थेने सुरू केलेला पण केंद्र सरकारने मान्यता दिलेला पुरस्कार, रोख असो वा वस्तुरूप, पूर्णपणे करमुक्त असतो. सरकारने मान्य कारणासाठी दिलेली बक्षिसेही याच कलमात येतात. ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांतील पदकविजेत्यांना केंद्र व राज्य सरकारांनी दिलेली बक्षिसे या सवलतीस पात्र असल्याचे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हे त्याचे महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण. शहापूरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० मध्ये दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले होते. अशा पदकाबद्दल सरकारकडून मिळणारी रक्कम आणि एखाद्या शहरातील शर्यतीच्या आयोजकांकडून मिळणारी रक्कम, या दोहोंमध्ये कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सत्काराच्या बाबतीतही असाच बारकावा आहे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेल्या भेटरकमा ५० हजार रुपयांपेक्षा अधिक झाल्या, तर संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. मात्र ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थेने किंवा प्राप्तिकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेने दिलेल्या भेटीला हा नियम लागू होत नाही. म्हणजेच शहापूर किंवा मुरबाड नगरपंचायतीने गुणवंत खेळाडूचा ७५ हजार रुपये देऊन गौरव केला, तर ती रक्कम या कलमाखाली करपात्र होत नाही. त्याच व्यासपीठावर एखाद्या विकासकाने स्वतःच्या नावाने तेवढ्याच रकमेचा धनादेश दिला, तर ती होऊ शकते. हार-तुरे एकाच समारंभात घातले जातात. धनादेशावरील सही मात्र वेगळी असते.

हौशी कोण, व्यावसायिक कोण?

खासगी संस्थांच्या पुरस्कारांबाबत सर्वाधिक उद्धृत केला जाणारा दस्तऐवज आता चार दशकांचा झाला आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २२ जानेवारी १९८६ रोजी परिपत्रक क्रमांक ४४७ काढले. व्यावसायिक खेळाडूला मिळालेला पुरस्कार हा त्याच्या व्यवसायातून झालेला लाभ असल्याने करपात्र आहे. परंतु खेळाडू व्यावसायिक नसेल, तर तो पुरस्कार भेट किंवा वैयक्तिक गौरव या स्वरूपाचा असल्याने करपात्र नाही, असा त्याचा आशय आहे. खेळाडू व्यावसायिक आहे की नाही, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवायचे, असेही त्यात म्हटले आहे. वादाची बीजे नेमकी याच शेवटच्या वाक्यात आहेत.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकावणाऱ्या अभिनव बिंद्राला मिळालेल्या बक्षिसांवरून असाच वाद उभा राहिला. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या दिल्ली पीठाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय देताना तो व्यावसायिक खेळाडू नसल्याचे मान्य केले आणि याच परिपत्रकाचा आधार घेतला.

महाविद्यालयीन खेळाडूंपैकी बहुसंख्य या अर्थाने हौशीच असतात. मात्र ही रेषा कोणत्या दिवशी ओलांडली जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाल्यापासून कबड्डीत तर ही बाब फारच ठळक झाली. लीगच्या अकराव्या हंगामाच्या लिलावात सर्वांत खालच्या 'ड' गटातील खेळाडूची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. असा करार झालेला विद्यार्थी उद्या गावच्या सामन्यात 'मालिकावीर' ठरला, तर ते बक्षीस केवळ गौरव होते, हा युक्तिवाद टिकणे कठीण आहे. कंपन्यांच्या संघांकडून दरमहा मानधनावर खेळणाऱ्यांचेही तेच. नोकरीच्या नेमणूकपत्रावर खेळणाऱ्याला कंपनीने दिलेले बक्षीस तर वेतनातच धरले जाते.

भेट या शब्दाचा आधार घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. परिपत्रक निघाले तेव्हा परक्याकडून मिळालेली भेट घेणाऱ्याच्या हाती करपात्र नव्हती. २००४ नंतर कायदा बदलला आणि वर उल्लेखिलेली मर्यादा आली. त्यामुळे हौशी खेळाडूला मिळालेली मोठी खासगी रक्कम 'भेट' म्हणून एका दाराने बाहेर पडली, तरी दुसऱ्या दाराने आत येऊ शकते.

तीस टक्क्यांचे गणित

शर्यतीच्या किंवा सामन्याच्या बक्षिसावर अनेक आयोजक सरसकट ३० टक्के कर कापतात. लॉटरी, शब्दकोडी, पत्ते आणि 'इतर कोणत्याही प्रकारचे खेळ' यांतील जिंकलेल्या रकमेसाठी असलेले कलम १९४बी ते वापरतात. अशा उत्पन्नावर कलम ११५बीबी नुसार ३० टक्के हा एकच दर लागतो. त्याला किमान करमुक्त मर्यादा नाही, खर्चाची वजावट नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी करसूटही नाही. थोडक्यात, लॉटरीचे तिकीट काढणारा आणि ४२ किलोमीटर धावणारा एका रांगेत उभे केले जातात.

हे कायद्याला अभिप्रेत आहे का? याबाबत खेळाडूच्या बाजूने महत्त्वाचा ठरतो तो सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा जी. आर. कार्तिकेयन प्रकरणातील निकाल. १९७३ च्या अखिल भारतीय हायवे मोटर रॅलीत कार्तिकेयन यांना २२ हजार रुपयांचे बक्षीस मिळाले होते. ही रॅली कौशल्य आणि सहनशक्तीची परीक्षा होती. 'जिंकलेली रक्कम' हा शब्दप्रयोग कायद्यात जुगार आणि पैजेच्या संदर्भात येतो, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. तो अर्थ गृहीत धरूनही सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस करपात्रच ठरवले, कारण उत्पन्नाची व्याख्या सर्वसमावेशक आहे. या निकालाने खेळाडूची एक वाट बंद केली आणि दुसरी अर्धवट उघडी ठेवली. 'बक्षीस हे उत्पन्नच नव्हे' असे व्यावसायिकाला म्हणता येत नाही. पण कौशल्याच्या स्पर्धेतील बक्षीस हे लॉटरीच्या रांगेतले नसून नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागणारे उत्पन्न आहे, असा दावा करायला भक्कम जागा आहे. प्राप्तिकर खाते प्रत्येक वेळी तो मान्य करील, असे मात्र नाही.

बक्षीस वस्तुरूप असेल, तर वेगळीच अडचण होते. उत्कृष्ट चढाईपटूला मोटारसायकल देण्याची प्रथा आता ग्रामीण भागातही रुळली आहे. कलम १९४बी लागू केले, तर वस्तूच्या किमतीवरील कर भरला गेल्याची खात्री आयोजकाने ती सुपूर्द करण्यापूर्वी करून घ्यायची असते. म्हणजे दीड लाखाची मोटारसायकल जिंकणाऱ्याने किल्ली हाती घेण्याआधी ४५ हजार रुपये उभे करायचे, किंवा आयोजकाने ते स्वतः सोसायचे. गावच्या स्पर्धांत हा हिशेब क्वचितच होतो. पुढे आयोजक मंडळाच्या ताळेबंदावर प्रश्न निघतात, तेव्हा खेळाडूचे नाव कागदावर येते.

जाहिरातीचे उत्पन्न : सचिनचा दाखला

जाहिरातीतून मिळणारा पैसा हा कोणत्याही अर्थाने पुरस्कार नसतो. नाव, चेहरा आणि वेळ यांचा तो मोबदला असतो, आणि खेळाडू हौशी असला तरी तो करपात्र असतो. विद्यार्थी असणे ही येथे सवलत नाही. या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण मुंबईतीलच आहे.

सचिन तेंडुलकरने ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स, पेप्सिको आणि व्हिसा यांच्याकडून जाहिरातींपोटी परकीय चलनात मिळालेल्या उत्पन्नावर कलम ८०आरआर खाली वजावट मागितली होती. एका वर्षाची ही रक्कम सुमारे ५ कोटी ९२ लाख रुपये होती. लेखक, नाटककार, कलाकार, संगीतकार, अभिनेता किंवा खेळाडू यांना आपल्या व्यवसायातून परदेशातून मिळालेल्या उत्पन्नासाठी ही सवलत होती. खेळाडूचा उल्लेख कलमातच असताना सचिनने वजावट मागितली ती 'अभिनेता' म्हणून. क्रिकेटचे उत्पन्न त्याने 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' या शीर्षाखाली दाखवले आणि जाहिरातींचे व्यवसायाचे. तो क्रिकेटपटू आहे म्हणूनच कंपन्या त्याला घेतात, तेव्हा त्याचा व्यवसाय क्रिकेट, आणि जाहिरातीत काम करणे म्हणजे क्रिकेट खेळणे नव्हे, सबब वजावट नाही, असे करनिर्धारण अधिकाऱ्याचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०११ मध्ये ते फेटाळले. एका व्यक्तीचे एकाहून अधिक व्यवसाय असू शकतात. कॅमेऱ्यासमोर जाहिरात करताना कल्पकता आणि कौशल्य लागते, म्हणून तो अभिनयच होय, असा निष्कर्ष पीठाने काढला.

हे कलम आता इतिहासजमा आहे. त्याची वजावट टप्प्याटप्प्याने कमी करून संपवण्यात आली. तरीही निकालाचे महत्त्व उरतेच. मैदानातील उत्पन्न आणि कॅमेऱ्यासमोरील उत्पन्न यांचे हिशेब वेगळे ठेवता येतात आणि एका शीर्षाची छाया दुसऱ्यावर पडलीच पाहिजे असे नाही, हे त्यातून पुढे आले. जाहिरातीचा करार केलेल्या हौशी धावपटूला हे उपयोगी पडू शकते.

कंपन्यांनी खेळाडूंना दिलेल्या मोबदल्यावर कलम १९४जे नुसार १० टक्के उद्गम करकपात म्हणजे टीडीएस होतो. २१ ऑगस्ट २००८ च्या अधिसूचनेने खेळाडू, पंच, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, समालोचक आदींच्या सेवा या कलमाखाली आल्या. एप्रिल २०२५ पासून एका देणेदाराकडून वर्षाला ५० हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम मिळाली तरच ही कपात होते; त्यापूर्वी मर्यादा ३० हजारांची होती. खेळाडूकडे पॅन नसेल, तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात.

ग्रामीण भागातील मुलांशी होणारे बहुतेक करार मात्र रोखीचे नसतातच. वर्षाला चार बुटांचे जोड, ट्रॅकसूट, प्रथिनांचे डबे, स्पर्धेची प्रवेश फी असा त्यांचा मामला असतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर नुसार व्यवसायाच्या अनुषंगाने दिलेल्या अशा वस्तुरूप लाभांची किंमत वर्षाला २० हजार रुपयांपेक्षा अधिक झाली, तर १० टक्के कर कापावा लागतो. वस्तू वापरून कंपनीला परत केली तर तो लाभ धरला जात नाही, असे मंडळाने जून २०२२ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रचारकांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. घामाने भिजलेले बूट परत मागणारी कंपनी अर्थातच विरळा. वस्तुरूप भेटीचा सरकारी बोजा कोणी उचलायचा, हा प्रश्न थोरांनाही चुकलेला नाही. फियाट कंपनीने सचिनला दिलेल्या फेरारी मोटारीवरील सीमाशुल्क आधी माफ झाले, त्यावर वादंग माजले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २००३ मध्ये ते कंपनीने भरले.

एका विद्यार्थिनीचा हिशेब

उदाहरणादाखल मुरबाड तालुक्यातील एका काल्पनिक महाविद्यालयीन धावपटूचे आर्थिक वर्ष २०२५-२६ घेऊ. वय २० वर्षे. बुटांच्या कंपनीकडून मानधन १,८०,००० रुपये. त्यावर टीडीएस १८,०००. त्याच कंपनीचे २५,००० रुपयांचे साहित्य, त्यावर २,५००. तीन शर्यतींत प्रत्येकी २०,००० प्रमाणे ६०,००० रुपयांची बक्षिसे. आयोजकांनी ३० टक्क्यांनी कापले १८,०००. एका खासगी शाळेत सकाळच्या प्रशिक्षणाचे महिना ६,००० प्रमाणे ७२,००० रुपये, त्यावर ७,२००. एकूण उत्पन्न ३,३७,००० आणि एकूण कपात ४५,७०० रुपये.

नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. बक्षिसे सामान्य दराच्या उत्पन्नात धरली गेली, तर तिचा कर शून्य आणि संपूर्ण ४५,७०० रुपये परत मिळतात. बक्षिसे लॉटरीच्या रांगेत गेली, तर त्यांवर उपकरासह १८,७२० रुपये कर होतो आणि परतावा २६,९८० रुपयांवर येतो. उत्पन्न तेच, धावलेले अंतर तेच, फरक आयोजकाने चलनावर लिहिलेल्या कलमाचा आणि विवरणपत्रात घेतलेल्या भूमिकेचा. आणि तिने विवरणपत्र भरलेच नाही, तर यांतील एक रुपयाही परत येत नाही.

तिला ते भरावेच लागेल, हे विशेष. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' या २०२५ च्या अर्थसंकल्पातील घोषणेचा अर्थ 'विवरणपत्र नाही' असा अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात उत्पन्न मर्यादेच्या आत असले, तरी वर्षभरातील टीडीएस २५ हजार रुपये किंवा अधिक असेल, तर विवरणपत्र बंधनकारक आहे.

मानधनाचे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवल्यास सरावाचे बूट, प्रवास, प्रशिक्षकाची फी, फिजिओथेरपी असे खर्च त्यातून वजा करता येतात. त्यासाठी पावत्या लागतात. निम्मे उत्पन्न नफा समजून कर भरण्याची कलम ४४एडीए ची सोपी वाट ठरावीक व्यवसायांपुरती आहे. त्या यादीत डॉक्टर, वकील, वास्तुविशारद आणि चित्रपट कलाकार आहेत. खेळाडूचा उल्लेख नाही.

संघाचे बक्षीस, कर्णधाराचे खाते

कबड्डीच्या बाबतीत एक नेहमीचा घोळ आहे. बक्षीस संघाला मिळते, पण पैसे जातात कर्णधाराच्या खात्यात. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झाले होते. त्यानंतरच्या वर्षांत मोबाइलवरून पैसे देणे सर्वत्रच इतके सोपे झाले, की पाकिटातून रोख रक्कम वाटण्याची पद्धत मागे पडली. बँकेतून गेलेल्या पैशाला मागोवा असतो. कर्णधाराच्या पॅनवर कपात झाली, की संपूर्ण रक्कम त्याच्या वार्षिक माहितीपत्रात त्याचे उत्पन्न म्हणून दिसते. त्याने ती बारा जणांत वाटली, हे प्राप्तिकर खात्याला आपोआप कळत नाही. प्राप्तिकर नियम ३७बीए मध्ये यावर उपाय आहे. रक्कम कोणाकोणाची आहे, याचे लेखी निवेदन आयोजकाला दिल्यास कपातीची नोंद त्या त्या व्यक्तीच्या नावे करता येते. मंडळाचे स्वतःचे पॅन आणि बँक खाते असणे, हा त्याहून सरळ मार्ग. वाटपाच्या कागदावर प्रत्येकाची सही घेतली, तरी निम्मे प्रश्न मिटतात.

अनुसूचित क्षेत्राबाबतचा गैरसमज

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि मुरबाड तालुक्यातील काही गावेही त्यात आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांतील मुले लांब पल्ल्याच्या शर्यतींत आणि मैदानी खेळांत पुढे येत आहेत. 'आदिवासींना प्राप्तिकर नसतो' असे त्यांना सर्रास सांगितले जाते. कलम १०(२६) मध्ये तशी सवलत आहे, पण ती सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे, ईशान्येकडील काही राज्ये आणि लडाख येथे राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना, तेथील उत्पन्नापुरती आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे पाचव्या अनुसूचीखालची आहेत. त्यामुळे शहापूरच्या आदिवासी खेळाडूला ही सवलत मिळत नाही. केवळ या समजुतीपोटी पॅन न काढणारा खेळाडू दुप्पट कपातीला सामोरा जातो, ही यातील शोकांतिका म्हणावी लागेल.

अकरावी-बारावीतील खेळाडू

अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न सामान्यतः आई-वडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक, त्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र मुलाने स्वतःच्या श्रमातून, कौशल्यातून किंवा गुणवत्तेतून मिळवलेल्या उत्पन्नाला कलम ६४(१ए) ने यातून वगळले आहे. खेळातील मानधन हे उघडच कौशल्याचे. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयातील खेळाडूच्या नावे स्वतंत्र पॅन काढून पालकाने त्याच्या वतीने विवरणपत्र भरायचे असते. तो पैसा बँकेत ठेवीत गुंतवला, तर त्यावरील व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जाते.

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त आहे. 'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूला वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चाचा भत्ताही मिळतो. अशा रकमेबाबत मंजुरीपत्रातील शब्द महत्त्वाचे ठरतात. ते पत्र जपून ठेवलेले बरे.

कराहून अधिक गंभीर ठरू शकतो तो उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या अडीच लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या ८ लाख रुपयांची मर्यादा आहे. 'पालकांचे' आणि 'कुटुंबाचे' या दोन शब्दांतील फरक येथे निर्णायक असतो. खेळाडूचे मानधन चुकून वडिलांच्या खात्यात आणि पॅनवर घेतले गेले, तर कर शून्य असूनही शिष्यवृत्तीच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहू शकतो. तहसीलदारांचा दाखला एक आकडा सांगतो आणि प्राप्तिकर खात्याची नोंद दुसरा, अशी विसंगती अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेस पडली, की ती निस्तरताना विद्यार्थ्याचे वर्ष जाते.

अमेरिकेतील स्थिती

हाच प्रश्न अमेरिकेत सध्या फार मोठ्या प्रमाणावर चर्चेत आहे. तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातीतून कमावण्यास क्रीडा संघटनेची अनेक दशके बंदी होती. ती १ जुलै २०२१ पासून उठली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर महाविद्यालयेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. तेथे जाहिरातीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ४०० डॉलरवर गेले, की प्राप्तिकराखेरीज १५.३ टक्के स्वयंरोजगार कर सुरू होतो. पहिल्या वर्षी अनेक विद्यार्थ्यांना याची कल्पनाच नव्हती, कारण तेथे अशा मानधनातून सहसा आधी कपात होत नाही. भारतात उलटे आहे. येथे पैसा आधीच कापून हाती येतो; नकळत देणे राहण्यापेक्षा नकळत येणे राहण्याचा धोका अधिक. विद्यार्थी व्हिसावर तेथे गेलेल्या मराठी खेळाडूंनी तर करार करण्यापूर्वी व्हिसाच्या अटी तपासणे अत्यावश्यक आहे, कारण त्या व्हिसावर कमाईला कडक मर्यादा आहेत.

वस्तू व सेवा कर

वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर खेळाडूला जीएसटी नोंदणीची गरज नसते. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेने भरवलेल्या स्पर्धेत खेळण्यासाठी त्या संघटनेकडून मिळालेला मोबदला करमुक्त आहे, जाहिरातीचा नाही. सौरव गांगुलीच्या जुन्या सेवाकराच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला होता, पण तो आधीच्या कायद्याखालचा होता. शहापूर-मुरबाडच्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांना या मर्यादेची चिंता करावी लागेल.

अडकलेला परतावा

आपल्या नावे किती कर कापला गेला, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅन टाकून 'फॉर्म २६एएस' आणि वार्षिक माहितीपत्रात पाहता येते. आयोजकाने कर कापला पण सरकारकडे भरला नाही किंवा चुकीच्या पॅनवर दाखवला, असे आढळल्यास त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते. म्हणून बक्षीस स्वीकारतानाच आयोजकाचे नाव, पत्ता आणि कपातीचे प्रमाणपत्र मागून घेणे श्रेयस्कर. मुदत हुकली, तरी करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत विलंबाने विवरणपत्र भरता येते. त्याही आधीच्या वर्षांचा परतावा राहिला असेल, तर विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पूर्वी ही मुदत सहा वर्षांची होती. शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या अनेक माजी खेळाडूंच्या महाविद्यालयीन वर्षांतील कपाती अजूनही या मुदतीत बसतात.